पँझर तीन ‘एका फटक्यात’ जमला नव्हता

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर माझ्याकडे चार वेगवेगळ्या ग्रुपांवरून आला. मजकूर असा: ‘जर्मन इंजिनिअरांनी गुपचूप पँझर तीन आणि पँझर चार हे रणगाडे बनवले. पहिल्याच फटक्यात निर्दोष. जाड चिलखत, जबरदस्त तोफ. स्पेनमध्ये त्यांची चाचणी झाली. मग अशा हजारो पँझरांनी भाले घेऊन लढणारं पोलंडचं घोडदळ चिरडलं आणि जुनाट रणगाडे असलेला फ्रान्स सहा आठवड्यांत गुडघ्यावर आणला.’ खाली एक फोटो आहे, त्यावर लिहिलंय ‘पँझर तीन, पोलंड, सप्टेंबर 1939’. आणि शेवटी आपल्या कारखान्यांना टोमणा, की जर्मन एकदाच बनवतात, आपण तीस वर्षं बनवतच बसतो.

या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. नुसत्या तपशिलाच्या चुका असत्या तर मी सोडून दिलं असतं. पण पँझर तीनच्या पहिल्या चार आवृत्त्यांची खरी गोष्ट या मजकुराने पार पुसून टाकली आहे, आणि ती गोष्ट मला या रणगाड्याइतकीच आवडते. म्हणून एकेक दावा घेतो.

‘पहिल्याच फटक्यात निर्दोष’

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीला रणगाडे बनवायला बंदी घातली होती. ती बंदी हिटलरने मार्च 1935 मध्ये उघडपणे झुगारली, पण काम त्याआधीपासून सुरू होतं. सैन्याच्या शस्त्रास्त्र विभागाला साधारण 15 टनांचा, शत्रूच्या रणगाड्यांशी लढणारा रणगाडा हवा होता. खरा उद्देश लपवायला त्याला ‘त्सुगफ्युररवागन’, म्हणजे प्लाटून (छोट्या तुकडीच्या) कमांडरची गाडी, असं साधं नाव दिलं. डायम्लर-बेंझ, क्रुप, एमएएन आणि ऱ्हाइनमेटाल या चार कंपन्यांना विचारणा झाली. खालची गाडी डायम्लर-बेंझची आणि वरचं टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, क्रुपचं, असं ठरलं.

1937 मध्ये पहिली आवृत्ती आली, आवृत्ती ए. तिचे किती रणगाडे बनले? दहा. दोन्ही बाजूंना पाच-पाच मोठी चाकं, प्रत्येक चाकाला कॉइल स्प्रिंग. हे चाललं नाही. त्याच वर्षी आवृत्ती बी आली. आता पाच मोठ्या चाकांच्या जागी आठ छोटी चाकं, जोड्याजोड्यांनी बांधलेली, आणि त्यावर प्रत्येक बाजूला दोन लांबलचक पाटे.

पाटा म्हणजे तोच, जो आपल्या ट्रकच्या आणि एसटीच्या चाकांवर असतो. माझ्या वडिलांचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज होतं आणि माझं लहानपण पाटे ठोकण्याच्या आवाजात गेलं, त्यामुळे हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर लगेच उभं राहतं. एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांची चळत, मध्ये यू बोल्टने आवळलेली. भार आला की ती दबते, पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि त्या घासण्यातच धक्का थोडा जिरतो. रस्त्यावरच्या ट्रकला हे पुरतं. नांगरलेल्या शेतातून, चरांवरून 15 टनांची गाडी वेगात न्यायची आणि वर तोफही स्थिर ठेवायची, तर हिशेब बदलतो. एका लांब पाट्याखाली चार चाकं घेतली की एक चाक उचललं गेल्यावर बाकीच्या तिघांचंही दबणं-उठणं बदलतं.

म्हणून आवृत्ती सी मध्ये पाट्यांची संख्या बाजूला तीन केली: पुढच्या आणि मागच्या जोडीला एकेक छोटा पाटा, मधल्या चार चाकांना एक मोठा. मग 1938 मध्ये आवृत्ती डी. तिच्यात पुढचे आणि मागचे छोटे पाटे तिरपे बसवले. हा बदल एखाद्या मेकॅनिकने डोकं खाजवत केल्यासारखा वाटतो. तिरपे करून बघू, कदाचित जमेल. ए ते डी, सगळ्या मिळून 70 च्या आसपास रणगाडे. दीड-दोन वर्षांत चार आवृत्त्या आणि प्रत्येकीत चाकांची बांधणी वेगळी. याला पहिला फटका कसं म्हणायचं?

पाचव्या वेळी, आवृत्ती ई मध्ये, ते जमलं. सहा मध्यम चाकं आणि टॉर्शन बार. टॉर्शन बार म्हणजे रणगाड्याच्या तळाशी आडवी टाकलेली पोलादी दांडी. तिचं एक टोक पलीकडच्या बाजूच्या भिंतीत घट्ट बसवलेलं, दुसऱ्या टोकाला एक हात आणि त्या हाताला चाक. चाक दगडावर चढलं की दांडीला पीळ बसतो, चाक उतरलं की पीळ सुटतो. प्रत्येक चाकाला स्वतःची दांडी, त्यामुळे एकाचं दुखणं दुसऱ्याला लागत नाही. दांड्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जात असल्यामुळे डाव्या आणि उजव्या बाजूची चाकं एकमेकांच्या बरोब्बर समोर येत नाहीत, थोडी पुढेमागे असतात. चित्रात वरून पाहिलं तर हे लक्षात येतं.

या पद्धतीचा आग्रह शस्त्रास्त्र विभागातल्या हाइनरिश क्नीपकाम्प या इंजिनिअरने धरला होता. रणगाड्यात टॉर्शन बार वापरणारा जर्मनी पहिला देश मात्र नव्हता. स्वीडनच्या लांड्सवेर्क कंपनीच्या एल-60 या हलक्या रणगाड्यात तो आधीच आला होता. आजवर जगात बहुतेक रणगाडे याच पद्धतीवर चालत आले आहेत, त्यामुळे ई चं मोल मोठंच आहे. पण तीही निर्दोष नव्हती. तिच्यात मायबाख कंपनीचा दहा गिअरांचा व्हॅरिओरेक्स गिअरबॉक्स बसवला होता. कागदावर तो अतिशय हुशार होता, प्रत्यक्षात नाजूक आणि कटकटीचा. 1940 च्या शेवटी आवृत्ती एच आली तेव्हा तो काढून सहा गिअरांचा साधा गिअरबॉक्स घातला. ई चे रणगाडे बनले फक्त 96.

‘जाड चिलखत, जबरदस्त तोफ’

सुरुवातीच्या पँझर तीनचं चिलखत 15 मिलिमीटरच्या आत होतं. आपल्या करंगळीची रुंदी बघा, साधारण तेवढं. बंदुकीची पोलादी गाभ्याची गोळी अडवायची, एवढाच त्याचा हेतू. पोलंडच्या पायदळाकडे 1935 सालची एक रणगाडाविरोधी रायफल होती, खांद्याला लावून एकटा माणूस चालवायचा ती. जवळून मारली तर ती हे चिलखत भेदत असे. पँझर चारची पहिली आवृत्तीही यापेक्षा जाड नव्हती, तिचेही 35 च बनले. चिलखत 30 मिलिमीटरवर गेलं ते पुढच्या आवृत्त्यांत.

तोफेचं तर भांडणच झालं होतं. रणगाडा दळाची माणसं, त्यात या दळाची उभारणी करणारा सेनानी गुडेरिआन, 50 मिलिमीटरची तोफ मागत होती. शस्त्रास्त्र विभाग 37 मिलिमीटरवर अडून बसला. त्यांचं म्हणणं अगदी कारकुनी होतं, तरी चुकीचं नव्हतं: पायदळाची रणगाडाविरोधी तोफ 37 ची आहेच, मग गोळे एकच राहू देत, पुरवठा सोपा होईल. शेवटी 37 चीच तोफ बसली. पण टरेट ज्या कड्यावर फिरतं ते कडं मुद्दाम मोठं ठेवलं, पुढेमागे 50 ची तोफ बसावी म्हणून. या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात दूरदर्शी निर्णय मला हाच वाटतो. 1940 च्या मध्यापासून त्याच कड्यावर 50 ची तोफ चढली, रणगाडा नव्याने बनवावा लागला नाही.

ती 37 ची तोफ 500 मीटरवरून सुमारे 30 मिलिमीटर पोलाद भेदायची. हा आकडा लक्षात ठेवा, फ्रान्सच्या वेळी लागेल.

‘स्पेनमध्ये चाचणी’

स्पेनच्या यादवीत जर्मनीने पाठवला तो पँझर एक. दोन माणसांचा, दोन मशीनगनांचा, तोफच नसलेला. समोर सोव्हिएत टी-26 होता, 45 मिलिमीटरच्या तोफेचा, आणि त्याने पँझर एकची दाणादाण उडवली. पँझर तीन स्पेनमध्ये गेलाच नाही.

‘हजारो पँझर, भालेवाले घोडेस्वार’

1 सप्टेंबर 1939 रोजी जर्मन सैन्याकडे सगळे धरून साधारण 3,400 हून अधिक रणगाडे होते. त्यात पँझर एक 1,445, पँझर दोन 1,223. म्हणजे चारातले तीन रणगाडे मशीनगनवाले किंवा 20 मिलिमीटरच्या छोट्या तोफेचे. पँझर चार 211. आणि पँझर तीन? 98. चाकांची ही खटपट दोन वर्षं चालली नसती तर हा आकडा वेगळा असता. मोठं उत्पादन सुरू करायलाच 1938 चा शेवट उजाडला. जर्मन रणगाडा दळाची सगळी आखणी अशी होती, की बटालियनच्या तीन कंपन्यांत पँझर तीन आणि एका कंपनीत पँझर चार. ही आखणी 1939 मध्ये कागदावरच होती. फटी बुजवायला जर्मनीने चेकोस्लोव्हाकिया गिळल्यावर हाती आलेले तिथले रणगाडे वापरले.

आता घोडदळ. पोलंडचं घोडदळ घोड्यांवरून प्रवास करायचं आणि लढताना खाली उतरून लढायचं. त्यांच्याकडे बोफोर्सच्या 37 मिलिमीटरच्या रणगाडाविरोधी तोफा होत्या. 1 सप्टेंबरला क्रोयांती गावाजवळ एका घोडदळ तुकडीने जर्मन पायदळावर खरोखरच तलवारींनी हल्ला चढवला आणि पायदळाची फळी फोडली. नंतर जर्मन चिलखती गाड्या आल्या आणि त्यांच्या मशीनगनांनी घोडेस्वार कापले गेले. रणगाड्यांवर भाले घेऊन धावणारे पोलिश ही दंतकथा त्यातून उठली, नाझी प्रचाराने ती उचलली, आणि आपण ती अजून फॉरवर्ड करतो आहोत.

त्याच दिवशी मोक्रा गावापाशी काय झालं ते कोणी सांगत नाही. वोविन घोडदळ ब्रिगेडने तिथे चौथ्या पँझर डिव्हिजनला दिवसभर रोखून धरलं. घोडे मागे झाडीत, माणसं खंदकांत, तोफा झुडपांआड, आणि मदतीला एक चिलखती रेल्वेगाडी. आठवड्याभराने हीच डिव्हिजन वॉर्सॉच्या ओखोता भागात घुसली तेव्हा गल्ल्यांमधल्या नाकेबंदीत तिचे डझनावारी रणगाडे गेले आणि तिला माघार घ्यावी लागली. त्या डिव्हिजनमध्ये बहुतेक रणगाडे पँझर एक आणि दोनच होते. शौर्याने लढलेल्या माणसांना मूर्ख ठरवणारी गोष्ट पुढे ढकलताना मला तरी हात आखडावासा वाटतो.

पोलंडच्या मोहिमेनंतर, 1940 च्या सुरुवातीला, पँझर तीनच्या ए, बी, सी या आवृत्त्या आघाडीवरून काढून प्रशिक्षणाकडे पाठवल्या. जेमतेम तीन वर्षांची त्यांची कारकीर्द.

‘फ्रान्सचे जुनाट रणगाडे’

हा दावा सगळ्यात जास्त पसरलेला आहे आणि सगळ्यात उलटा आहे.

मे 1940 मध्ये पश्चिमेकडे निघालेल्या सुमारे 2,400 जर्मन रणगाड्यांत पँझर तीन 349 आणि पँझर चार 278 होते. अजूनही निम्म्याहून जास्त पँझर एक आणि दोनच. फ्रान्सकडे संख्येने जास्त रणगाडे होते. त्यातल्या शार बी-1 बिसचं चिलखत 60 मिलिमीटर. सोम्युआ एस-35 चं 40 च्या वर, आणि त्यावर 47 मिलिमीटरची उत्तम तोफ. आता वरचा आकडा आठवा: 37 ची तोफ 500 मीटरवर 30 मिलिमीटर. पँझर तीनला बी-1 समोरून भेदताच येत नव्हता.

16 मे रोजी फ्रान्समधल्या स्तोन या छोट्या गावात हे उघड दिसलं. पिएर बिलोत या फ्रेंच कॅप्टनचा ‘यूर’ नावाचा बी-1 गावात शिरला. समोरच्या रस्त्यावर जर्मन रणगाडे एकामागे एक उभे होते. त्याने आधी रांगेतला पहिला आणि शेवटचा उडवला, मधल्यांना हलायला जागाच उरली नाही, मग एकेक करत बाकीचे. तेरा रणगाडे त्याच्या नावावर आहेत, बहुतेक पँझर तीन. त्याच्या स्वतःच्या चिलखतावर नंतर 140 आघात मोजले, एकही आरपार नाही.

पाच दिवसांनी आरास शहराजवळ ब्रिटिशांच्या मटिल्डा रणगाड्यांनी जर्मन सेनापती रोमेलच्या सातव्या पँझर डिव्हिजनची अशीच भंबेरी उडवली. 37 चे गोळे मटिल्डावरून उसळून जात होते. रोमेलने अखेर 88 मिलिमीटरच्या विमानविरोधी आणि 105 च्या तोफा सरळ रणगाड्यांवर लावल्या. आणि गंमत म्हणजे या प्रसिद्ध डिव्हिजनमध्ये तेव्हा एकही पँझर तीन नव्हता. तिचा कणा होता चेक बनावटीचा 38-टी.

मग जर्मन जिंकले कसे? आर्देनच्या जंगलातून, जिथून मोठा हल्ला होईल असं फ्रेंच सेनापतींना वाटत नव्हतं तिथून त्यांनी मुख्य फौज आणली. सेदांपाशी 13 मे रोजी विमानांच्या माऱ्याखाली म्यूज नदी ओलांडली आणि थांबले नाहीत. पण रणगाड्याचाही एक वाटा आहे, आणि फॉरवर्डवाल्यांनी तोच नेमका सोडला आहे.

एस-35 च्या टरेटमध्ये डोकं घालून बघा. तिथे एकच माणूस आहे, कमांडर. शत्रू शोधायचा त्यानेच, टरेट फिरवायचं त्याने, गोळा भरायचा, नेम धरायचा, डागायचं त्याने, आणि पुढे कुठे जायचं हे चालकाला सांगायचं तेही त्यानेच. प्लाटूनचा प्रमुख असेल तर बाकीच्या रणगाड्यांकडेही लक्ष द्यायचं. ज्या क्षणी तो नेम धरायला वाकतो, त्या क्षणी त्याचा रणगाडा आंधळा. बऱ्याच फ्रेंच रणगाड्यांत रेडिओही नव्हता, झेंड्यांनी खुणा चालत.

आता पँझर तीनमध्ये या. आत पाच जण. खाली पुढे चालक आणि त्याच्या शेजारी रेडिओवाला, जो मशीनगनही चालवतो. वर टरेटमध्ये तिघे: डावीकडे नेम धरणारा, उजवीकडे गोळा भरणारा, आणि मध्ये मागे, थोडा उंचावर, कमांडर. त्याच्या डोक्यावर एक गोल बुरजी, तिला चहूबाजूंनी फटी. त्याच्या हातात काहीही काम नाही, आणि हेच त्याचं काम. तो फक्त बघतो, आणि गळ्याशी लावलेल्या माइकवरून सांगतो. समोरचा फ्रेंच कमांडर गोळा भरत असतो तेव्हा हा दुसऱ्या झाडीकडे बघत असतो.

ही रचना पँझर तीनच्या अगदी पहिल्या आवृत्तीपासून होती. ज्या दहा रणगाड्यांची स्प्रिंग धड चालली नाही, त्यांतही टरेटमध्ये तीन माणसं होती. चाकं चार वेळा बदलली, तोफ बदलली, चिलखत दुप्पट झालं, ही मांडणी मात्र शेवटपर्यंत राहिली. मला जर कोणी विचारलं, जर्मनांनी पहिल्या फटक्यात काय बरोबर केलं, तर माझं उत्तर हे असेल. सोव्हिएत संघाने 1940 मध्ये पँझर तीन विकत घेऊन तपासला तेव्हा त्यांनाही नेमकं हेच भावलं. आपल्या टी-34 रणगाड्याच्या सुधारित आराखड्यात त्यांनी तीन माणसांचं टरेट आणि टॉर्शन बार घ्यायचं ठरवलं होतं, पण जून 1941 मध्ये युद्धच अंगावर आलं.

‘एकदाच बनवतात’

पँझर तीन 1943 पर्यंत बनत राहिला, सुमारे 5,700 नग, आणि त्यात बदल कधी थांबलेच नाहीत. फ्रान्सनंतर हिटलरने 50 ची लांब तोफ मागितली, विभागाने आखूड बसवली. टी-34 शी गाठ पडल्यावर ती अपुरी ठरली, आणि 1941 च्या शेवटी लांब तोफ आली. पुढच्या वर्षी, 20 जून 1942 ला, रोमेलने लिबियातल्या तोब्रुकवर जो निर्णायक हल्ला केला त्यात असेच पँझर तीन होते. तो घाव पहिल्यांदा पडला आपल्या 5 व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनवर, 11 व्या भारतीय ब्रिगेडच्या आघाडीवर. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं. दर आवृत्तीने घडलेला तो रणगाडा आपल्या मराठी माणसांनी समोरून पाहिला आहे, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली आहे.

फसलेल्या आवृत्त्याही वाया घालवल्या नाहीत. बी च्या पाच गाड्यांवर एका नव्या कल्पनेची चाचणी झाली: फिरतं टरेट काढायचं, तोफ सरळ धडातच बसवायची, आणि पायदळाला सोबत द्यायची. त्या पाचांचं पोलाद मऊ होतं, लढाईच्या कामाचं नव्हतं, म्हणून त्या गाड्या जर्मनीतल्या युटरबोगच्या तोफखाना शाळेत शिकाऊ तोफचींसाठी राहिल्या. त्यांच्यापासून पुढे स्टूग तीन झाला, आणि पूर्णपणे साखळ्यांवर चालणारं दुसरं कोणतंही चिलखती लढाऊ वाहन जर्मनीने त्या युद्धात त्याच्याएवढ्या संख्येने बनवलं नाही.

राहिला तो फोटो. पुढच्या वेळी असा फोटो आला की आधी खालची चाकं मोजा, साखळीला वरून आधार देणाऱ्या छोट्या रोलरांकडे लक्ष देऊ नका. पाच मोठी चाकं म्हणजे आवृत्ती ए. आठ छोटी म्हणजे बी, सी किंवा डी, मग पाटे बघायचे. सहा म्हणजे ई किंवा तिच्या पुढची. फिरत असलेल्या त्या फोटोत चाकं सहा आहेत, तोफ लांब आहे, आणि टरेटच्या पुढे थोडं अंतर सोडून चिलखताचा एक जादा पत्रा लावलेला दिसतो. तो पत्रा 1942 मध्ये आला. सप्टेंबर 1939 मध्ये पोलंडच्या रस्त्यावर असा रणगाडा उभाच राहू शकत नव्हता.